भरलेल्या रिकाम्या जागा : खऱ्या दहशतवादी हल्ल्यावरचा चित्रपट अभ्यासायचा कसा?

‘दहशतवाद आणि सिनेमा’ या विषयावर पीएचडी करायची आहे, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. विषय चांगला आहे, पण तो विषय आहे, प्रश्न नाही. मग प्रपोजलमध्ये ‘वास्तव आणि कल्पित यांची सरमिसळ’ असं एक वाक्य येतं आणि गाडी तिथेच रुतते. सरमिसळ तर असणारच. त्यात शोधायचं काय?

माझं स्वतःचं काम संख्याशास्त्रातलं, त्यातही गहाळ डेटावरचं. सर्वेक्षणात काही रकाने रिकामे राहतात, त्यांचं काय करायचं हा आमचा रोजचा प्रश्न. सिनेमाशी याचा काय संबंध, असं वाटेल. पण खऱ्या हल्ल्यावर चित्रपट काढणाऱ्यासमोर नेमकी हीच अडचण असते. जे घडलं त्याची नोंद अर्धवट असते आणि पडदा मात्र रिकामा ठेवता येत नाही. म्हणून आज हा विषय आमच्या गल्लीतून जाऊन समजून घेऊ.

आधी थोडं तांत्रिक. समजा वर्गातले पाच जण परीक्षेला आले नाहीत. त्यांची बस चुकली असेल, तर बाकीच्यांच्या गुणांवरून वर्गाची सरासरी काढायला फारशी हरकत नाही. पण अभ्यास झाला नाही म्हणून ते आले नसतील, तर उरलेल्यांची सरासरी फसवी आहे, कारण गुण गहाळ होण्याचं कारण त्या गुणांमध्येच दडलेलं आहे. हल्ल्याची नोंद या दुसऱ्या प्रकारची असते. साक्ष देतात ते वाचलेले. हल्लेखोराच्या सर्वांत जवळ जे होते, त्यांतले बहुतेक साक्ष द्यायला उरत नाहीत. म्हणजे जिथे सर्वांत महत्त्वाचं काही घडलं, तिथेच रकाना कोरा.

कोरा रकाना अंदाजाने भरण्याला आम्ही इम्प्युटेशन म्हणतो. त्यात गैर काही नाही. नियम एकच : भरलेली जागा भरलेली आहे असं दिसलं पाहिजे. तसं न दाखवता भरलेली संख्या मोजलेली म्हणून खपवली, तर ती सरळ लबाडी. चित्रपटाला हा नियम कोणी लावत नाही. आपण लावून बघू.

पहिलं उदाहरण पॉल ग्रीनग्रासच्या ‘युनायटेड ९३’चं. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या चार विमानांपैकी हे एक. न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं आणि १० वाजून ३ मिनिटांनी पेनसिल्व्हेनियात कोसळलं. चार अपहरणकर्ते सोडून विमानात ४० जण होते. कोणीही वाचलं नाही. मग नोंद काय उरली? किमान १० प्रवासी आणि २ कर्मचाऱ्यांनी जमिनीवरच्या लोकांशी फोनवर साधलेला संपर्क, कॉकपिटमधल्या आवाजाचं शेवटच्या सुमारे अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, आणि रडार. बाकी सगळं कोरं.

चित्रपटाची जमिनीवरची बाजू भक्कम आहे. त्या दिवशी अमेरिकेची हवाई वाहतूक सांभाळणारे बेन स्लायनी यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि इतरही अनेक कंट्रोलरनी. विमानातली बाजू मात्र बव्हंशी इम्प्युटेशन आहे. शेवटी प्रवासी कॉकपिटमध्ये घुसतात आणि नियंत्रणासाठी झटापट होते, असं चित्रपट दाखवतो. चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालाचा निष्कर्ष वेगळा आहे : नियंत्रण अखेरपर्यंत अपहरणकर्त्यांच्या हातात होतं, आणि प्रवासी काही सेकंदांत आपल्यावर मात करतील असं वाटल्यामुळे त्यांनी विमान पाडलं असावं. शिवाय त्या रेकॉर्डिंगची लिखित प्रत जगासमोर आली एप्रिल २००६ मध्ये, एका खटल्याच्या वेळी. त्याच महिन्यात चित्रपट प्रदर्शित झाला, म्हणजे तो बनून तयारच होता. दिग्दर्शकाला कोणत्या तारखेला काय ठाऊक असू शकत होतं, हे तपासल्याशिवाय ‘चित्रपटाने सत्य बदललं’ असं लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

कॉकपिटच्या दाराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ती आहे एका जर्मन प्रवाशाबद्दल. चित्रपटात तो इतरांना विरोध करू नका, गप्प बसा, असं समजावताना दिसतो. तो असं वागला याचा कसलाही पुरावा नाही. फोनवर कोणी तसं सांगितलेलं नाही. कथेला एक कच खाणारा माणूस हवा होता आणि ती जागा एका खऱ्या, मृत माणसाने भरली गेली. बाकीच्यांच्या बाबतीत निदान धैर्य इम्प्यूट केलं, याच्या बाबतीत भित्रेपणा. दोन्ही अंदाजच, पण चुकले तर नुकसान सारखं नाही. आणि ज्याचं नुकसान होतं तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही.

आता नॉर्वेकडे वळू. संशोधकाच्या दृष्टीने तिथे एक दुर्मीळ गोष्ट घडली : एकाच घटनेवर, एकाच वर्षी, दोन पूर्ण वेगळे चित्रपट आले. २२ जुलै २०११ ला ऑस्लोच्या सरकारी इमारतींसमोर व्हॅनमधला बॉम्ब फुटला, ८ जण गेले. मग तोच हल्लेखोर पोलिसाच्या वेषात उटोया बेटावर पोचला. तिथे मजूर पक्षाच्या युवा संघटनेचं उन्हाळी शिबिर चालू होतं. तिथे त्याने ६९ जणांना मारलं, त्यांतले बरेच कुमारवयीन. (हल्लेखोराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. या लेखाला त्याची गरज नाही.)

एरिक पोप्पे यांचा ‘उटोया २२ जुलै’ फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. बेटावरचा गोळीबार सुमारे ७२ मिनिटं चालला होता, आणि चित्रपटातला तो भाग ७२ मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये आहे. कुठेही कट नाही. कॅमेरा काया नावाच्या मुलीला सोडत नाही. ती आपल्या धाकट्या बहिणीला शोधते आहे. हल्लेखोर दूरवरची आकृती म्हणून क्षणभर दिसतो, बाकी फक्त गोळ्यांचे आवाज. काया काल्पनिक आहे. पोप्पे आणि पटकथालेखिकांनी वाचलेल्या अनेकांशी बोलून ती घडवली. चित्रीकरण प्रत्यक्ष उटोयावर न करता दुसऱ्या बेटावर केलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर पोप्पे यांनी नोंदीतला कुठलाही खरा रकाना भरला नाही. त्यांनी एक नवी ओळ घातली आणि ती नवी आहे हे उघड ठेवलं. कायाच्या तोंडी काहीही घातलं तरी एखाद्या खऱ्या आईला ‘माझी मुलगी असं म्हणाली नसती’ असं म्हणायची वेळ येत नाही. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. पण तिची किंमत आहे. खिडकी ७२ मिनिटांची आणि नजर एका मुलीची, त्यामुळे पोलीस का येत नाहीत हे चित्रपटाला कळूच शकत नाही. बेटावरच्या मुलांनाही ते कळत नव्हतं, त्यामुळे अनुभव म्हणून ते खरंच आहे. कारण म्हणून मात्र हाती काही लागत नाही. सरकारने नेमलेल्या २२ जुलै आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं की आधीच मंजूर झालेले सुरक्षा उपाय अमलात आणले असते तर सरकारी इमारतींवरचा हल्ला टाळता आला असता, आणि पोलीस हल्लेखोराला याहून लवकर पकडू शकले असते. पोप्पे यांच्या चित्रपटात या वाक्यांना जागाच नाही.

दुसरा चित्रपट पुन्हा ग्रीनग्रास यांचा, ‘२२ जुलै’, नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला. पत्रकार ऑस्ने सायरस्टाड यांच्या पुस्तकावर आधारित, नट नॉर्वेजियन पण भाषा इंग्रजी. हल्ला पहिल्या भागातच संपतो आणि उरलेला मोठा भाग ‘नंतर’चा आहे : जखमी मुलाचं सावरणं, बचावाचे वकील गेइर लिपेस्टाड, पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग, आणि खटला. इथे माणसं खरी, नावंही खरी. आणि जागा भरायला साधनंही भरपूर, कारण हा खटला एप्रिल ते जून २०१२ असा चालला आणि त्यात साक्षी झाल्या. मनोविकारतज्ज्ञांचे दोन परस्परविरोधी अहवाल आले. एक म्हणाला हल्लेखोर भ्रमिष्ट, दुसरा म्हणाला नाही. २४ ऑगस्टला न्यायालयाने त्याला जबाबदार धरून २१ वर्षांची, पुढे वाढवता येईल अशी कैद दिली. (आपल्याकडे कसाबच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर पाचच दिवसांनी आला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून कोणीतरी वाचायला हवेत.)

या चित्रपटात रिकाम्या जागा कमी आहेत, पण एक वेगळाच पेच आहे. ऑस्लोच्या न्यायालयाने खटल्याचा काही भाग टीव्हीवर दाखवायला परवानगी दिली होती, आरोपीच्या साक्षीला मात्र नाही. त्याला व्यासपीठ मिळू नये ही भावना त्यामागे होती. सहा वर्षांनी एका चांगल्या नटाने त्याची न्यायालयातली बाजू जगभरच्या पडद्यांवर उभी केली. म्हणजे ही जागा रिकामी राहिली नव्हती, ती जाणूनबुजून बंद ठेवलेली होती. गहाळ डेटा आणि रोखलेला डेटा यांत फरक आहे. रुग्णाने उत्तर दिलं नाही तर रकाना कोरा राहतो. नैतिक समितीने तो प्रश्नच विचारू दिला नसेल, तर त्या कोऱ्या रकान्यामागे एक निर्णय असतो. तो ओलांडताना कारण द्यावं लागतं. ग्रीनग्रास यांच्याकडे कारण होतं, उजव्या अतिरेकाचा युक्तिवाद लोकांनी ओळखायला शिकावं हे. मला ते अर्धंच पटतं. तुम्हाला पूर्ण पटलं तर तसं मांडा, पण मांडा.

२०२० मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने ‘२२ जुलै’ याच नावाची सहा भागांची मालिका केली. ती पत्रकार, इस्पितळातले लोक, पोलीस अशा कडेच्या माणसांमधून जाते. एकच दिवस, तीन मॉडेलं. तुलनात्मक अभ्यासासाठी इतकं नेटकं सामान क्वचित मिळतं.

आता याच घटनेवर संशोधक काय करतात तेही बघा. नॉर्वेतल्या हिंसा आणि मानसिक आघात यांवरच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने हल्ल्यानंतर ४ ते ५ महिन्यांनी उटोयावरून वाचलेल्या ३२५ जणांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. मुलाखत घेणारे प्रशिक्षित आरोग्यकर्मी होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार त्यांच्यातल्या आघातोत्तर ताणाच्या प्रतिक्रिया सर्वसाधारण लोकसंख्येच्या सहापटींहून जास्त होत्या. या निबंधात एकही चेहरा नाही. पोप्पे यांच्या चित्रपटात एकच चेहरा आहे आणि सरासरी नाही. दोघांचा कच्चा माल मात्र एकच : वाचलेल्यांचं बोलणं. म्हणून मुलाखतीची नीती दोघांना सारखीच लागू व्हायला हवी. संशोधकाला लेखी संमती घ्यावी लागते, माघार घेण्याचा हक्क द्यावा लागतो, मुलाखतीनंतर त्रास झाला तर मदतीची सोय ठेवावी लागते. चित्रपटवाल्याला यातलं काय करावं लागतं आणि तो आपणहून काय करतो, हा माझ्या मते अजून नीट न धुंडाळलेला प्रश्न आहे, आणि मराठी विद्यार्थ्याला मुंबईत बसून करता येण्यासारखा.

संमतीचा मुद्दा किती धारदार असतो, हे न्यूझीलंडमध्ये दिसलं. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जण मारले गेले. २०२१ मध्ये त्यावर चित्रपट जाहीर झाला आणि त्याचा मध्यबिंदू होत्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न. मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला, खुद्द आर्डर्न यांनीही वेळ फार लवकरची असल्याचं सांगितलं, एक निर्माती बाहेर पडली आणि काम थांबलं. ज्यांची माणसं गेली ते त्यांच्याच कथेत दुय्यम ठरत होते. नमुना निवडतानाच चूक झाली की नंतरचं सगळं विश्लेषण वाकडं जातं, हे आम्ही पहिल्या सत्रात शिकतो.

नमुन्याचा हाच प्रश्न आपल्या घराजवळ आणू. २६/११ ला सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं गेली, ताजमधल्या मृतांपेक्षा जास्त. लांबपल्ल्याच्या गाडीची वाट बघणारे, बोचकी उशाला घेऊन बसलेले प्रवासी. पण अँथनी मरास यांच्या ‘हॉटेल मुंबई’ची खिडकी ताजची आहे. त्यात शेफ हेमंत ओबेरॉय खऱ्या नावाने आहेत आणि त्यांच्या शेजारी देव पटेलचा अर्जुन हा वेटर काल्पनिक. दोघे एकाच स्वयंपाकघरात उभे, आणि प्रेक्षकाला मोजलेलं कोणतं आणि भरलेलं कोणतं ते कळायला मार्ग नाही. राम गोपाल वर्मांचा २०१३ चा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ सीएसटी, लिओपोल्ड, कामा असा फिरतो, पण सगळी कथा नाना पाटेकरांनी रंगवलेल्या सहपोलीस आयुक्तांच्या चौकशी समितीपुढच्या कथनातून उलगडते. तिथे उपकरण पोलिसांचं. वाईट आहे असं नाही, पण ते ज्या दिशेला रोखलं आहे तेवढंच दिसणार.

आणि उपकरणच वादात असेल तर? १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपने ‘ब्लॅक फ्रायडे’ केला. २००५ च्या सुरुवातीला तो लागणार होता. खटल्यातल्या आरोपींनी उच्च न्यायालयात धाव घेतली : आमचा निकाल लागायचाय आणि पडद्यावर आम्ही आमच्याच नावाने दोषी. न्यायालयाने प्रदर्शन रोखलं. टाडा न्यायालयाने २००६ मध्ये निकाल द्यायला सुरुवात केल्यावर चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. या प्रकरणाकडे बहुतेक जण सेन्सॉरशिपची गोष्ट म्हणून बघतात. मला त्यात मोजमापाचा प्रश्न जास्त दिसतो. टाडाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे, साध्या कायद्यात तो चालत नाही. मग कबुलीजबाबावरून उभं केलेलं दृश्य म्हणजे घडलेली घटना, की पोलीस ठाण्यात बोललेली घटना? कश्यपच्या बाजूने एवढं सांगायला हवं की कोठडीतली मारहाण आणि नातेवाइकांचा छळही त्याने दाखवला आहे. म्हणजे आकडा कोणत्या उपकरणातून आला, तेही त्याने फ्रेममध्ये ठेवलं. हिंदी सिनेमात हे फार कमी जण करतात.

‘अशा चित्रपटांचा प्रेक्षकांवर होणारा परिणाम’ हे शीर्षक मात्र शक्यतो टाळा. बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर अमेरिकेत ४,६७५ प्रौढांचा अभ्यास झाला. त्यात पहिल्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास बातम्या बघणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण नोंदला गेला. आकर्षक निष्कर्ष आहे, पण तो सहसंबंध आहे, कार्यकारण नाही : आधीच अस्वस्थ माणूसच जास्त बातम्या बघत असेल. आणि तो बातम्यांबद्दल आहे, पाच-सात वर्षांनी आलेल्या चित्रपटाबद्दल नाही. तिथून इथे उडी मारता येत नाही.

त्यापेक्षा छोटं काम घ्या. कसाब प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल सहज उपलब्ध आहे. हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार यांच्यातल्या पकडलेल्या फोन संभाषणांचे उतारे त्यात आहेत. ‘हॉटेल मुंबई’तही कानातल्या फोनवरून सूचना देणारा आवाज आहे. ती दृश्यं वेगळी काढा. प्रत्येक वाक्यापुढे चारांपैकी एक खूण करा : नोंदीत जसंच्या तसं, नोंदीवर आधारित पण बदललेलं, नोंदीत नाही पण विरोधीही नाही, नोंदीच्या विरुद्ध. मग तेच काम दुसऱ्या कोणाला तुमच्या खुणा न दाखवता करायला द्या आणि दोघांचं किती जुळतं ते मोजा. तिसऱ्या खुणेवर दोघांचं सर्वांत कमी जुळेल असा माझा अंदाज आहे, आणि प्रबंधाचं मुख्य प्रकरण बहुधा तिथेच निघेल.

एका बसणीत वीस मिनिटांपेक्षा जास्त कोडिंग करू नका. तीच तीच दृश्यं थांबवून, मागे घेऊन बघायची असतात, आणि त्या आवाजांची सवय होते. सवय झाली की खुणा बिघडतात.